बाकीच्यांतला एक : विजय हजारे

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली याच गावी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा प्रवास सुरू झाला, हे आपल्या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु भारताला कसोटी क्रिकेटमधील पहिला विजय ज्यांच्या नेतृत्वाखाली मिळाला ते विजय सॅम्युअल हजारे याच सांगलीचे, हे सांगितले तर अनेकांना नवल वाटते. त्यांच्या नावाची एकदिवसीय स्पर्धा दरवर्षी देशभर खेळली जाते. वर्तमानपत्रांत ‘हजारे करंडक’ हे शब्द आपण वाचतो आणि पान उलटतो. नावामागचा माणूस मात्र आपल्याच जिल्ह्यात अनोळखी राहिला आहे.

विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या आणि समाजबांधवांच्या हाती जाणाऱ्या या स्मरणिकेत एका क्रिकेटपटूचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर हजारे यांच्या आयुष्यातील एका शब्दात आहे. मुंबईतील ज्या स्पर्धेने त्यांचे नाव घरोघरी नेले, त्या स्पर्धेत संघ धर्मावरून पाडले जात. हिंदूंचा संघ, मुसलमानांचा संघ, पारशांचा संघ, युरोपियनांचा संघ; आणि या चारांत ज्यांना जागा नव्हती त्यांचा पाचवा संघ. त्याचे अधिकृत नावच होते ‘दि रेस्ट’, म्हणजे बाकीचे. भारतीय ख्रिस्ती आणि ज्यू यांच्याबरोबर बौद्धही याच बाकीच्यांत मोजले जात. हजारे त्या बाकीच्यांचे फलंदाज होते. बाकीच्यांत गणला गेलेला माणूस पुढे साऱ्या देशाचा कर्णधार कसा झाला, हे आपल्या मुलांनी जाणून घ्यावे असेच आहे.

शिक्षकाचे घर

विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत झाला. सांगली त्या वेळी पटवर्धनांचे संस्थान होते. शेजारच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून रुग्णसेवा करीत होते, आणि मिशनच्या शाळांमुळे या परिसरात मराठी ख्रिस्ती कुटुंबांची एक छोटी वस्ती रुजली होती. हजारे यांचे घराणे अशाच मराठी ख्रिस्ती कुटुंबांपैकी एक. वडील शाळेत शिक्षक होते आणि घरात आठ भावंडे. शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनात आठ मुलांची अंगावरची वस्त्रे आणि पाट्या-पुस्तके भागवणे हीच कसरत. अशा घरात बॅट आणि चामड्याचा चेंडू ही चैनच म्हणायची. तरीही या घरातून विजय आणि त्यांचे धाकटे बंधू विवेक असे दोन प्रथम दर्जाचे खेळाडू निघाले.

त्या काळी क्रिकेटवर पोट भरण्याची सोय नव्हती. खेळाडूला मानधन, करार, जाहिराती यांतले काही ठाऊक नव्हते. साधारण घरातल्या मुलाला खेळत राहायचे असेल तर एखाद्या संस्थानिकाचा आश्रय हाच एक मार्ग होता. संस्थानिक त्याला दरबारी किंवा लष्करी नोकरी देत आणि तो त्यांच्या संघासाठी खेळे. हजारे यांना असा आश्रय देवास थोरल्या पातीचे राजे विक्रमसिंहराव पवार यांनी दिला. हेच विक्रमसिंहराव पुढे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शहाजी छत्रपती म्हणून ओळखले गेले. नंतर बडोद्याच्या गायकवाडांनी हजारे यांना आपल्याकडे घेतले आणि उर्वरित आयुष्यभर बडोदे हेच त्यांचे गाव झाले.

गुरूही असाच संस्थानांच्या वाटेने लाभला. सांगलीच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातील जत संस्थानच्या राजांनी क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाला प्रशिक्षणासाठी भारतात आणले होते. कसोटी क्रिकेटमध्ये दोनशे बळींचा टप्पा सर्वांत आधी गाठणारा हा गोलंदाज. हजारे यांना त्याचे मार्गदर्शन मिळाले. हजारे यांची फलंदाजीला उभे राहण्याची ढब विचित्र होती. बॅटच्या दांड्यावर दोन्ही हातांत अंतर राही आणि बॅट दोन्ही पॅडच्या मध्ये अडकवल्यासारखी दिसे. कोणत्याही क्रमिक पुस्तकात न बसणारी ही ढब एखाद्या कर्तव्यदक्ष प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी मोडून काढली असती. ग्रिमेटने ती मोडली नाही. मुलाचे डोळे चेंडूवर आहेत, पाय वेळेवर हलतात आणि बॅट सरळ येते, एवढे त्याने पाहिले आणि बाकीचे तसेच राहू दिले. शिक्षकी पेशातील वाचकांनी या प्रसंगावर थोडे थांबावे. विद्यार्थ्यात काय बदलायचे हे पुष्कळांना कळते; काय बदलायचे नाही हे थोड्यांना कळते.

रणजी करंडक स्पर्धा १९३४–३५ च्या मोसमात सुरू झाली आणि त्याच मोसमात हजारे यांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पाऊल टाकले. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राच्या संघाने १९३९–४० साली प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्या मोसमात पुण्याला बडोद्याच्या संघाविरुद्ध हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणा भारतीयाने केलेले हे पहिले त्रिशतक. ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी असे दमवले, त्याच बडोद्याने त्यांना लवकरच आपलेसे केले, यात आश्चर्य ते कसले!

धर्मवार संघ आणि बाळूचा वारसा

आता त्या स्पर्धेकडे वळू. मुंबईत १८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात सामने होत. १९०७ साली हिंदू संघ आला आणि सामने तिरंगी झाले. १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी. आणि १९३७ मध्ये ‘बाकीचे’ आल्यावर पंचरंगी. आज हे नाव ऐकताना मौज वाटते. पण त्या रंगांच्या आत आणखी बारीक रेषा होत्या.

हिंदूंच्या संघातील पहिला थोर गोलंदाज होता पळवणकर बाळू. जातीने चांभार. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखता राखता आणि साहेबांना सरावाला चेंडू टाकता टाकता तो शिकला. हिंदू जिमखान्याने त्याला संघात घेतले, कारण त्याच्यावाचून जिंकणे अवघड होते. पण चहाच्या वेळी त्याचा चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात, बाहेरच दिला जाई. आपल्या साताऱ्याशीही बाळूचे नाते आहे. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूची फिरकी निष्प्रभ व्हावी म्हणून यजमानांनी खेळपट्टी रूळ फिरवून फिरवून टणक करून ठेवली होती. बाळूने त्या खेळपट्टीवरही सात बळी घेतले आणि सामना जिंकून दिला. ज्या साताऱ्यातील शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भीमरावांचे नाव दाखल झाले, त्याच साताऱ्यातील ही घटना. पुढे १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर बाळूने शंभराहून अधिक बळी मिळवले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच देण्यात आले नाही. ते पद त्याचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादंगानंतर.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे हजारे ज्या मैदानावर उतरले ते कसे होते याची कल्पना येते. बाळूला संघ होता, पण संघात त्याचे पान वेगळे मांडले जाई. हजारे यांच्यासाठी पानच नव्हते. त्यांच्यासारख्यांसाठी एक जादा पंगत घालण्यात आली आणि तिला नावही देण्यात आले नाही. जे कोणीच नाहीत ते बाकीचे, एवढेच.

रेडिओवर ऐकू येणारे नाव

याच सुमारास क्रिकेटला एक नवी वाट फुटली. मुंबईत १९२७ साली नभोवाणीचे केंद्र सुरू झाले होते. १९३४ मध्ये अर्देशीर फर्दोरजी सोहराबजी तथा बॉबी तल्यारखान यांनी चौरंगी सामन्याचे धावते वर्णन रेडिओवरून केले. तल्यारखान पारशी होते आणि इंग्रजीतून बोलत. जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर ते एकटेच बोलत राहत. जोडीला दुसरा समालोचक त्यांना चालत नसे. पुढे १९४८–४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा आकाशवाणीने तीन समालोचकांची योजना केली. तल्यारखान यांना ती मान्य झाली नाही आणि ते बाजूला झाले. खेळाचे मैदान न पाहिलेल्या माणसाच्या कानापर्यंत खेळ पोहोचवण्याची रीत या देशात त्यांनी रुजवली.

रेडिओ तेव्हा दुर्मीळ होता. संच विकत घ्यायला बरीच रक्कम लागे आणि तो वाजवायला सरकारी परवाना लागे, त्याचे शुल्क दरवर्षी पोस्टात भरावे लागे. काचेच्या झडपांचा तो जड संच सुरू केल्यावर तापायला वेळ घेई, मग खरखरीतून आवाज वर येई. गावात एखाद्या वाड्यात, वाचनालयात वा हॉटेलात रेडिओ असला तर सारी आळी तेथे जमे. इंग्रजी न कळणाराही धावसंख्या आणि नावे तेवढी टिपून घेई. पुढे १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणीचे केंद्र आले आणि आपल्या भागाला स्वतःचा आवाज मिळाला, बाळ ज. पंडितांसारख्यांमुळे मराठीतून क्रिकेटचे वर्णन ऐकण्याची गोडीही लागली. परंतु हजारे यांची कीर्ती त्याआधीच्या, खरखरत्या काळातली. दूरचित्रवाणी नव्हती, चित्रे क्वचित छापली जात. बहुतेकांना हजारे यांचा चेहरा ठाऊक नव्हता, त्यांची ती चमत्कारिक ढब कोणी पाहिलेली नव्हती. नाव आणि धावा एवढेच पोहोचत होते. त्यातही एक न्याय होता. ऐकणाऱ्याला खेळाडूचे देऊळ किंवा चर्च दिसत नव्हते. तो किती वेळ टिकला तेवढे कळत होते.

तीनशे सत्त्याऐंशीतील तीनशे नऊ

१९४३ सालचे पंचरंगी सामने मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर झाले. मुसलमान संघाविरुद्ध हजारे यांनी २४८ धावा केल्या आणि बाकीचे अंतिम सामन्यात गेले. तेथे गाठ हिंदूंशी पडली. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. म्हणजे हजारे यांचा आकडा त्यांनी ओलांडला. बाकीच्यांचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि त्यांना लगेच पुन्हा खेळायला यावे लागले.

त्या दुसऱ्या डावात जे घडले ते क्रिकेटच्या इतिहासात क्वचितच घडले असेल. एका बाजूने गडी बाद होत राहिले आणि दुसऱ्या बाजूला हजारे उभे राहिले. पाच गडी गेल्यावर धाकटे बंधू विवेक खेळायला आले. दोघा भावांनी सहाव्या गड्यासाठी ३०० धावांची भागीदारी केली. त्यांत विवेक यांच्या धावा होत्या अवघ्या २१. मोठ्या भावाला दुसरे टोक सांभाळून ठेवणारा कोणीतरी हवा होता आणि धाकट्याने स्वतःच्या धावांचा मोह सोडून ते टोक सांभाळले. संघाच्या एकूण ३८७ धावा झाल्या. त्यांतील ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. म्हणजे दर पाच धावांतील जवळजवळ चार.

सामना बाकीचे हरलेच, एक डाव आणि ६१ धावांनी. पण आज त्या सामन्यातील विजेत्यांची आठवण हजारे यांच्या निमित्तानेच निघते. विवेकच्या २१ धावाही विसरू नयेत. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की एकाच्या यशामागे कोणीतरी दुसरे टोक धरून बसलेले असते.

धर्मवार संघांच्या या स्पर्धेला तोवर विरोध वाढत होता. महात्मा गांधींनी १९४० साली त्याविरुद्ध मत दिले होते, वर्तमानपत्रांत वाद झडत होते आणि रेडिओवर ज्यांचा आवाज गाजला ते तल्यारखानही टीकाकारांमध्ये होते. अखेर १९४५–४६ नंतर ती बंद पडली. ‘बाकीचे’ नावाचा संघ इतिहासजमा झाला.

एका संघातले दोघे

मार्च १९४७ मध्ये बडोद्याला रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत झाला. देश फाळणीच्या उंबरठ्यावर होता आणि पंजाब पेटला होता. तीन गडी बाद झाल्यावर बडोद्याकडून दोघे जमले : सांगलीचे ख्रिस्ती हजारे आणि लाहोरचे मुसलमान गुल महंमद. त्या दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. काही वर्षांपूर्वी हे दोघे पंचरंगी सामन्यांत उतरले असते तर समोरासमोर उभे राहिले असते. येथे ते एकाच बाजूने धावत होते. कोणत्याही गड्यासाठी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील ही सर्वांत मोठी भागीदारी ठरली. तो विक्रम २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा करून मोडला; तोपर्यंत तो ५९ वर्षे टिकला होता. गुल महंमद पुढे पाकिस्तानचे नागरिक झाले. नकाशावर रेषा पडली, पण धावफलकावर ती दोन नावे एकमेकांशेजारी कायम राहिली.

ॲडलेड

युद्धामुळे हजारे यांची उमेदीची वर्षे कसोटीविना गेली. पहिली कसोटी ते १९४६ मध्ये लॉर्ड्सवर खेळले, तेव्हा वयाची एकतिशी उलटली होती. स्वातंत्र्यानंतर थोड्याच महिन्यांत लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ होता आणि त्यात लिंडवॉल व मिलर हे जगातले सर्वांत भेदक वेगवान गोलंदाज.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने ६७४ धावांचा डोंगर उभा केला. ब्रॅडमन २०१ धावांवर हजारे यांच्याच गोलंदाजीवर त्रिफळाबाद झाले. हजारे मध्यमगती गोलंदाजही चांगले होते, हे आज विसरले गेले आहे. भारताच्या पहिल्या डावात ३८१ धावा झाल्या. त्यांत हजारे यांच्या ११६ आणि दत्तू फडकर यांच्या १२३. फॉलोऑनच्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ गडी टिपले. सहा भारतीय फलंदाज शून्यावर परतले. त्या पडझडीत हजारे यांनी १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना भारताने डावाने गमावला, फरक फक्त १६ धावांचा.

आता एक गोष्ट वाचकांच्या ध्यानी आली असेल. हजारे यांचे मोठे डाव बहुधा पराभवातले आहेत. ३०९ पराभवात, ११६ आणि १४५ पराभवात. विजयाची खात्री असताना खेळणे निराळे आणि सामना हातचा गेला आहे हे ठाऊक असताना पुढचा चेंडू तितक्याच काळजीने खेळणे निराळे. दुसऱ्या प्रकारच्या खेळाला टाळ्या कमी पडतात.

सहा धावा

फेब्रुवारी १९४९ मध्ये ब्रेबोर्नवर वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेतील अखेरची कसोटी झाली. चौथ्या डावात भारतापुढे ३६१ धावांचे आव्हान होते. तोवर भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती. हजारे यांनी १२२ आणि रुसी मोदी यांनी ८६ धावा करून विजय दृष्टिपथात आणला. अखेरच्या क्षणी ८ बाद ३५५. हव्या होत्या फक्त सहा धावा. षटकातला एक चेंडू शिल्लक असताना पंचांनी वेळ संपली असे समजून यष्ट्यांवरच्या बेल्स उचलल्या आणि सामना अनिर्णित राहिला. देशभर रेडिओला कान लावून बसलेल्यांच्या पिढीने ती हळहळ आयुष्यभर जपली. हजारे शांत स्वभावाचे, मितभाषी गृहस्थ होते. धावा करणे हे आपले काम आणि वेळ मोजणे हे पंचांचे, असाच त्यांचा वर्तनक्रम राहिला.

पहिला विजय

१९५१–५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा कर्णधारपद हजारे यांच्याकडे आले. दिल्लीत त्यांनी नाबाद १६४ आणि मुंबईत १५५ धावा केल्या. कानपूरला भारत हरला. अखेरची कसोटी मद्रासला होती. तेथे विनू मंकड यांनी पहिल्या डावात ८ आणि दुसऱ्या डावात ४ असे १२ गडी बाद केले. पंकज रॉय यांनी १११ आणि पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा काढल्या. १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारताने इंग्लंडला एक डाव आणि ८ धावांनी हरवले. १९३२ मध्ये पहिली कसोटी खेळलेल्या भारताला पहिल्या विजयासाठी वीस वर्षे वाट पाहावी लागली.

विजयी संघाची नावे पुन्हा वाचावीत. मंकड जामनगरचे, रॉय बंगालचे, उम्रीगर पारशी. आणि कर्णधार सांगलीचे मराठी ख्रिस्ती. नऊ वर्षांपूर्वी याच देशात त्यांना चार वेगळ्या तंबूंत बसवण्याची रीत होती. राज्यघटना अमलात येऊन दोन वर्षे झाली होती. घटनेने कागदावर जे मांडले ते मद्रासच्या मैदानावर अकरा माणसांनी सहजपणे करून दाखवले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात इंग्लंडच्या दौऱ्यावर मात्र कसोटी पाहणारी कसोटी झाली. लीड्सच्या पहिल्या डावात हजारे यांनी ८९ धावा करून तरुण विजय मांजरेकर यांच्यासह २२२ धावांची भागीदारी केली. मांजरेकरांनी १३३ काढल्या. दुसऱ्या डावात फ्रेड ट्रुमन हा नवखा वेगवान गोलंदाज आणि अनुभवी बेडसर यांच्यापुढे भारताचा धावफलक झाला ४ बाद ०. शून्यावर चार गडी! त्या धावफलकाखाली कर्णधार मैदानात उतरले. त्यांनी ५६ आणि फडकरांनी ६४ धावा केल्या. सामना गेला, मालिकाही गेली. संघाची अब्रू तेवढी वाचली.

कर्णधारपद त्यांच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते, असे त्यांचे चाहतेही मान्य करतात. डावपेच लढवण्यापेक्षा बचाव करण्याकडे त्यांचा कल राही आणि जबाबदारीच्या ओझ्याने त्यांची फलंदाजी आखडली. त्यांनी १४ कसोटींत नेतृत्व केले; विजय एवढा एकच. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर त्यांची कसोटी कारकीर्द संपली.

उत्तरायुष्य

३० कसोटींत ४७.६५ च्या सरासरीने २,१९२ धावा आणि ७ शतके. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये १८,७४० धावा, ६० शतके आणि ५९५ बळी. कसोटीत हजार धावा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. बडोद्याच्या रणजी संघासाठी ते पुढेही कित्येक वर्षे खेळत राहिले. १९६० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. जसू पटेल यांच्यासह हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. ‘ए लाँग इनिंग्ज’ या नावाने त्यांनी आपले अनुभव लिहून ठेवले. दीर्घ आजारानंतर १८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, बडोद्यात त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. आज ज्या स्पर्धेत प्रत्येक राज्याची मुले जात आणि धर्म न विचारता एका संघात खेळतात, त्या स्पर्धेवर एके काळच्या ‘बाकीच्यां’तील माणसाचे नाव आहे.

आपल्या शाळेत येणारी कितीतरी मुले अशा घरांतून येतात, ज्यांना गावाने कधीतरी बाकीच्यांत बसवले होते. कोणाचा बाप ऊसतोडीला गेलेला असतो, कोणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. त्या मुलांना हजारे यांचे चरित्र सांगताना त्यांच्या विक्रमांचे आकडे पाठ करून घ्यायची गरज नाही. विक्रम मोडतात, ५७७ देखील मोडला. सांगावे ते एवढेच : सांगलीच्या एका शिक्षकाच्या घरात एक मुलगा वाढला, त्याला पंगतीत जागा नव्हती म्हणून वेगळ्या पंगतीत बसवले गेले, आणि तो तेथे कुढत न बसता खेळत राहिला. समोरचा गडी बाद झाला तरी खेळला, पाच गेले तरी खेळला, धावफलकावर शून्य असतानाही खेळला. ज्याला बाकीच्यांत टाकले होते, तोच पुष्कळदा अखेरपर्यंत बाकी उरला.